दिवसा बर्फ, संध्याकाळी गारवा: आमच्या अभ्यासिकेला जमेल का?

वणाकाठचा | १४ एप्रिल, रात्री १०:१२

राम राम मंडळी. हिंगणघाटपासून थोडं आत आमचं गाव. ग्रामपंचायतीची एक जुनी खोली आहे, २० बाय ३० फुटांची, वर टिना. दोन वर्षांपासून तिथं अभ्यासिका चालते. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी असं सगळं मिळून ३५-४० पोट्टे-पोट्टी येतात. दिवसा निम्मे वावरात असतात, त्यामुळे खरी गर्दी संध्याकाळी सहा ते दहा. आणि लाईन जायची वेळही नेमकी तीच.

माझं दूध संकलन केंद्र आहे. तिथं आइस बँक आहे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: पाण्याची जाड आवरणाची टाकी, आत नळ्यांची वेटोळी, त्या नळ्यांवर कंप्रेसर दिवसभर बर्फ चढवत राहतो. दूध आलं की टाकीतलं बर्फगार पाणी फिरवायचं, दूध थंड. परवा दुपारी झाकण उघडून पाणी पाहायला हात घातला. बाहेर ४३, आणि माझी बोटं थंडीनं दुखायला लागली. तेव्हा डोक्यात आलं, हेच अभ्यासिकेला का नाही? छपरावर सोलर टाकायचं, दिवसभर बर्फ करायचा, संध्याकाळी ते पाणी पंख्यापुढच्या रेडिएटरमधून फिरवायचं. बॅटरीची भानगड नाही. मागच्या बॅटऱ्या दोन वर्षांत गेल्या, त्याचा राग अजून आहे.

कुणी केलंय का असं? की मी उन्हानं बरळतोय?

गंमतराव | १४ एप्रिल, रात्री १०:३१

सोपं आहे. पोट्ट्यांनाच टाकीत बसवा. जो दहा वाजेपर्यंत टिकला तो पोलीस भरतीत पास.

पुण्यातला_वऱ्हाडी | १४ एप्रिल, रात्री ११:०५

बरळत नाही आहात. माझं कामच मोठ्या इमारतींच्या वातानुकूलनाचं आहे आणि ही पद्धत जुनी, रुळलेली आहे. न्यूयॉर्कला ब्रायंट पार्कजवळ एक उत्तुंग इमारत आहे, तिच्या तळघरात अशा बर्फाच्या ४४ टाक्या आहेत. रात्री बर्फ करतात, दिवसा वितळवून ऑफिसं गार ठेवतात.

यामागचं गणित छान आहे. एक किलो पाणी एक अंशानं थंड करायला ४.२ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. पण शून्य अंशाच्या पाण्याचा शून्य अंशाचाच बर्फ करायला ३३४ किलोज्यूल काढाव्या लागतात. म्हणजे तापमान तसूभरही न हलता तेवढ्याच पाण्यात ऐंशीपट थंडी साठते. नुसतं गार पाणी साठवायचं तर तळं लागेल, बर्फ म्हटला की टाकीत भागतं.

एसी घेताना आपण 'दीड टन' म्हणतो तो टनही इथूनच आला. एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ, २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल तो एक टन. साधारण साडेतीन किलोवॅट.

मोठ्या प्लांटमध्ये नळ्यांतून पाण्यात मिसळलेलं ग्लायकॉल (पाणी गोठू नये म्हणून घालतात ते द्रव) उणे पाच-सहा अंशांवर फिरवतात. कुठे प्लॅस्टिकच्या चेंडूंत पाणी भरून ते गोठवतात. तुमच्याकडे आहे तो प्रकार म्हणजे नळीवर बर्फ. डेअरीवाले हे आमच्या आधीपासून करतात, पण त्यांना कुणी हरित तंत्रज्ञान म्हणत नाही, एवढाच फरक.

लादीवाला | १५ एप्रिल, सकाळी ६:४८

मी बावीस वर्ष बर्फाच्या कारखान्यात काढली, म्हनून सांगून राहिलो. बर्फ बनवनं सोपं नाई बापा. आमच्याकडं मिठाच्या पान्याची मोठी टाकी, त्यात पान्याचे डबे सोडलेले. मोठ्या लादीले एक-दीड दिवस लागे. काऊन? कारन बर्फच बर्फाले आडवा येते. पयला थर झटकन धरते, मंग तो थर गोधडीवानी होते, आतलं पानी लवकर गोठत नाई. लादीच्या मधात पांढरी रेघ दिसते ना, ते शेवटी गोठलेलं पानी, सगळी हवा तिथंच कोंडते.

तुमच्या नळ्याईवर बर्फ जास्त जाड होऊ देऊ नका. कंप्रेसर रडते आन् बिल वाढते. दुसरं, टाकी काठोकाठ भरू नका. बर्फ पान्यापेक्षा जागा जास्त घेते, अकराव्या हिश्श्याच्या आसपास फुगते. आमच्याकडं एका नव्या पोट्ट्यानं डबे तोंडापर्यंत भरले, सकाई तीन डब्याचे सांधे उसवले. मालकानं त्याच्याच पगारातून कापले, ते मले पटलं नाई, पन ते जाऊ द्या.

पुण्यातला_वऱ्हाडी | १५ एप्रिल, सकाळी ८:२०

लादीवाले काका, 'बर्फच बर्फाला आडवा येतो' हे आमच्या प्रशिक्षणात चाळीस स्लाइडी लावून सांगतात. आणि फुगण्याचा एक उपयोगही आहे. टाकीतल्या पाण्याची पातळी किती चढली त्यावरून बर्फ किती झाला ते कळतं. वेगळं यंत्र लागत नाही, एक पारदर्शक नळी बाहेरून लावली की झालं.

गोठेकर | १५ एप्रिल, सकाळी ९:०२

वणाकाठचे भाऊ, एक विचारू का? संध्याकाळचं दूध तुमच्याकडे किती वाजता येतं? सहा ते साडेसात ना? मग अभ्यासिकेला बर्फ कुठून देणार?

माझ्या केंद्राचा हिशेब सांगतो. ४०० लिटर दूध ३५ वरून ४ अंशांवर आणायचं तर जवळजवळ दीडशे किलो बर्फ वितळतो. टाकी तेवढ्याच हिशेबाची असते. एकदा उन्हाळ्यात मीच हुशारी केली होती. घरच्या लग्नात पाहुण्यांसाठी पिंप गार करायला टाकीतलं पाणी फिरवलं. दूध थंड व्हायला तासभर उशीर झाला आणि टँकर येईपर्यंत आम्लता चढली. अख्खं दूध परत. पाहुणे मात्र म्हणाले, काय गार पाणी होतं हो!

वणाकाठचा | १५ एप्रिल, सकाळी ९:४०

गोठेकर भाऊ, वर्मावर बोट ठेवलंत. माझंही साडेतीनशे-चारशे लिटर येतं आणि वेळ तीच. म्हणजे वेगळी टाकी लागणार. ती किती मोठी, हे कुणी काढून देईल का?

हिशेबनीस | १५ एप्रिल, दुपारी १:१५

जेवणाच्या सुटीत काढलं. चुकलं तर सुधारा.

माणूस नुसता बसला तरी साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. ४० पोरं म्हणजे ४ किलोवॅटचा हीटर, तो तुम्ही रोज संध्याकाळी हौसेनं खोलीत नेऊन ठेवता. भिंती, टिना, दार उघडझाप मिळून आणखी ६ धरतो. एकूण १० किलोवॅट, म्हणजे तीन टनांच्या आत. चार तासांचे ४० युनिट थंडीचे (एक किलोवॅट तासभर म्हणजे एक युनिट). बर्फात मोजले तर सुमारे ४३० किलो.

गळती-बिळती धरून ४४ युनिट थंडी साठवायची. बर्फ करताना यंत्राला शून्याखाली उतरावं लागतं, त्यामुळे नेहमीच्या एसीइतकी कार्यक्षमता मिळत नाही. एका युनिट विजेत अडीच युनिट थंडी धरली तर रोजची १८ युनिट वीज. म्हणजे पाच किलोवॅटचं सोलर जवळजवळ पूर्ण यालाच.

आता कूलर बघा. २०० वॅटचे तीन मोठे कूलर, चार तास: २.४ युनिट.

१८ विरुद्ध २.४. मी पुढे काही बोलत नाही.

चंद्रपूरची_चूल | १५ एप्रिल, दुपारी २:३०

मी बोलते मग! सकाळपासून वाट पाहत होते कुणी कूलरचं नाव काढतं का. अहो, आपण विदर्भात राहतो. आपली गरमी कोरडी आहे, हे आपल्याला मिळालेलं वरदान आहे, बाकी वरदानं फारशी नाहीतच. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर कूलरच्या ओल्या ताटीतून आलेली हवा २७-२८ वर येते. मुंबईच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो, कारण त्याच्याकडे कूलर म्हणजे नुसता ओला पंखा.

आणि पाण्याचं म्हणाल तर एक लिटर पाणी उडून जाताना २४०० किलोज्यूल घेऊन जातं. एक किलो बर्फ वितळताना ३३४. म्हणजे एक लिटर पाण्याची वाफ सात किलो बर्फाच्या तोडीची. फुकटची थंडी दारात उभी आहे आणि तुम्ही बर्फ करायला निघालात.

गंमतराव | १५ एप्रिल, दुपारी २:४१

चूलताई कूलरची बाजू घेतायत. कलियुग.

संत्रीवाला_वरुड | १५ एप्रिल, दुपारी ३:१०

आमच्याकडे कूलरच्या टाकीत बर्फाची लादी टाकतात, लय फरक पडतो. मी स्वतः रोज दहा किलो आणतो.

हिशेबनीस | १५ एप्रिल, दुपारी ३:२५

दहा किलो बर्फ म्हणजे एक टनाचा एसी सोळा मिनिटं चालवल्याइतकी थंडी. शिवाय पाणी गार झालं की ताटीतून उडतंही कमी. सोळा मिनिटांनंतरचा जो फरक वाटतो तो पैसे दिल्याचा.

संत्रीवाला_वरुड | १५ एप्रिल, दुपारी ३:२९

माझी बायको हेच म्हणते. तिला हा धागा दाखवणार नाही.

मास्तरीण | १५ एप्रिल, संध्याकाळी ६:५५

कूलरचं कौतुक चाललंय म्हणून लिहिते. माझी शाळा यवतमाळ जिल्ह्यात आहे. मे महिन्यात गावात टँकर येतो, तोही एक दिवसाआड. हिशेबनीस, तुमच्या तीन कूलरना पाणी किती लागेल? हंड्याच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला मी कसं सांगू की दोनशे लिटर आम्ही हवेत सोडतो?

बर्फाच्या टाकीतलं पाणी तेच तेच फिरतं, उडत नाही, हे इथं कुणी मोजलंच नाही.

दुसरं असं की मृगाच्या सरी पडल्या की कूलर निकामी. जुलैत ३१ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना ताटीतून ओलसर, कुबट हवा येते. वह्यांची पानं मऊ पडतात. बऱ्याच परीक्षा तर पावसाळ्यातही असतात.

हिशेबनीस | १५ एप्रिल, संध्याकाळी ७:३०

ताई, बरोबर आहे. काढलं: चार तासांचे दीड-दोनशे लिटर जातील. पाणी नसेल तिथं माझा २.४ चा आकडा फाडून टाका.

जुनेपुराणे | १५ एप्रिल, रात्री ९:१८

थोडं अवांतर. बर्फ साठवून गारवा मिळवणं आपल्याकडे वीज यायच्या आधीपासून आहे. १७७५ साली रॉबर्ट बार्कर या इंग्रजानं अलाहाबादला बर्फ कसा करतात ते लिहून ठेवलंय. उघड्यावर उथळ खड्डे, त्यात उसाची वाळली चिपाडं अंथरलेली, वर मातीची पसरट भांडी, त्यात उकळून गार केलेलं पाणी. थंडीच्या निरभ्र रात्री हवा शून्याच्या वर असली तरी पाण्यावर बर्फ धरायचा, कारण उघड्या आभाळाकडे उष्णता निघून जाते आणि खालून जमिनीची ऊब चिपाडं अडवतात. पहाटे गोळा करून खड्ड्यात दाबून उन्हाळ्यापर्यंत ठेवायचे.

नंतर १८३३ मध्ये बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं तळ्यातला बर्फ जहाजात भरून कलकत्त्याला पाठवला. निघाला १८० टन, चार महिन्यांनी पोचला १०० च्या आसपास. विषुववृत्त दोनदा ओलांडून! मद्रासचं आइस हाउस त्याच व्यापाराचं, आज त्याला विवेकानंद हाउस म्हणतात.

आणि स्वीडनमध्ये सुंड्सवाल गावचं इस्पितळ २००० सालापासून हिवाळ्यातला बर्फ खड्ड्यात लाकडाच्या चिपांखाली झाकून ठेवतं आणि उन्हाळ्यात त्यावर गार होतं. आपला बर्फाच्या गाडीवरचा भुसाच तो, फक्त इस्पितळाएवढा.

गंमतराव | १५ एप्रिल, रात्री ९:२६

मग डिसेंबरात धुऱ्यावर मातीच्या परळी मांडू का?

जुनेपुराणे | १५ एप्रिल, रात्री ९:३३

आपली आठ-दहा अंशांची रात्र पुरत नाही हो. मांजर पाणी पिऊन जाईल, एवढंच.

वायरमनचा_भाचा | १६ एप्रिल, सकाळी ७:१५

पुण्याच्या दादांनी सांगितलं की तिकडे रात्री बर्फ करतात. ते रात्रीची वीज स्वस्त म्हणून. आपल्याकडे उलटं होत चाललंय. केंद्राचा २०२३ चा नियम आहे: सूर्य असेल त्या आठ तासांत दर १० ते २० टक्के कमी, आणि गर्दीच्या वेळी चढा. म्हणजे बर्फ भरदुपारी करायचा आणि संध्याकाळी वापरायचा. भाऊंनी सोलर नाही घेतलं तरी हिशेब तोच.

पुण्यातला_वऱ्हाडी | १६ एप्रिल, सकाळी ८:०४

मुद्दा पक्का आहे, पण त्यात एक खोच आहे. कंप्रेसरला उष्णता बाहेर टाकायची असते ती बाहेरच्या हवेत. रात्री ३० अंशांत ते सोपं, दुपारी ४५ मध्ये यंत्राचा जीव निघतो. हिशेबनीसांनी एका युनिट विजेत धरलेली अडीच युनिट थंडी भरदुपारी दोन युनिटांवर येईल. बाहेरचं युनिट निदान सावलीत, वारा खेळेल असं ठेवा. गावाकडे ते नेमकं पश्चिमेच्या भिंतीला ठोकलेलं पाहतो, का कोण जाणे.

लादीवाला | १६ एप्रिल, सकाळी ८:३०

कारन पूर्वेकडं देव्हारा असते.

चंद्रपूरची_चूल | १६ एप्रिल, सकाळी १०:११

मास्तरीणताईंचं पाण्याचं मला पटलं. पण सगळे थंडी आणायच्या मागे लागलेत, गरमी यायचं दार कुणी लावत नाही. २० बाय ३० ची उघडी टिना म्हणजे डोक्यावर तापलेला तवा. आधी त्यावर चुन्याचे दोन हात द्या, फेविकॉल कालवून, म्हणजे पहिल्या पावसात निघणार नाही. खालून बांबूचे तट्टे बांधा, वर पऱ्हाटी (कपाशीच्या वाळल्या काड्या) किंवा गवत अंथरा, मधे वीतभर हवा खेळू द्या. फक्त पऱ्हाटीला आग लागायची भीती असते, तेव्हा वायरी आधी पाइपात घाला. आमच्या आजोळी सासऱ्या-जावयाचं भांडण मिटलं नाही पण माडीवरचा उकाडा याच उपायानं मिटला.

वणाकाठचा | १७ एप्रिल, रात्री १०:४०

सगळ्यांचे आभार. ग्रामसेवकांना हिशेब दाखवला. पाच किलोवॅट सोलर अधिक टाकी अधिक चिलर हा आकडा ऐकून त्यांनी चहा मागवला आणि विषय बदलला. तूर्त चुना, तट्टे आणि दोन कूलर. आमच्या विहिरीला मेअखेरपर्यंत पाणी असतं, तेवढं नशीब. तीन बॅटऱ्या पुन्हा घेणार, नाइलाज आहे.

पण बर्फाचं खूळ गेलेलं नाही. करून पाहिल्यावर लिहितो.

वणाकाठचा | २३ मे, रात्री ११:२०

लिहितो म्हटलं होतं. मे महिन्यात दूध आटतं, माझं अडीचशे लिटरवर आलं. म्हणजे टाकीत रोज साठेक किलो बर्फ उरायला लागला. अभ्यासिकेला लागून दहा बाय बाराची संगणकाची खोली आहे, वर स्लॅब. भंगारातून जुन्या ट्रॅक्टरचा रेडिएटर आणला, सोड्यानं तीनदा धुतला, पुढे टेबलफॅन बांधला. केंद्र आणि खोली यांत एकच भिंत आहे, त्यामुळे पाइप वीस फुटांत भागला. त्यावर जुन्या गादीचा फोम गुंडाळला. पाणी फिरवायला कूलरचाच छोटा पंप, तो बॅटरीवर चालतो.

दूध थंड झाल्यावर, साडेसातला सुरू केलं. आत आठ पोरं. खोली ३५ वर होती, अर्ध्या-पाऊण तासात ३० वर आली आणि दहाला पाच कमी असेपर्यंत तिथंच राहिली. मग टाकीतला शेवटचा तुकडा विरघळला आणि वीस मिनिटांत पुन्हा ३३. इतकं स्वच्छ दिसलं की पोरांनी घड्याळ लावून पाहिलं.

दोन घोळ झाले. शेजारच्या हॉलमधल्या कूलरची ओलसर हवा दारातून आत यायची आणि गार रेडिएटरवर दव धरायचं. खाली चालू घडामोडींचा गठ्ठा ठेवलेला, मार्च महिना पूर्ण भिजला. आता खाली डालड्याचा जुना डबा आहे, रात्रीतून दोनदा ओततो. दुसरं म्हणजे सकाळच्या दुधाआधी बर्फ पुन्हा चढायला हवा, त्यामुळे कंप्रेसर पहाटेपर्यंत चालतो. गोठेकर भाऊ, आम्लता रोज तपासतोय, अजून तरी दूध परत आलेलं नाही.

हिशेबनीस | २३ मे, रात्री ११:४१

६० किलो म्हणजे साडेपाच युनिट थंडी. आठ पोरं, पंखा, स्लॅबची धग मिळून दोन किलोवॅटच्या थोडं वर. अडीच तास बरोबर बसतात. मला आज झोप चांगली लागेल.

मास्तरीण | २४ मे, सकाळी ७:२०

आठ जणांना गारवा आणि बाकी तीस कूलरपुढे. आठ कोण, हे कसं ठरवता?

वणाकाठचा | २४ मे, सकाळी ७:५८

ताई, त्यावरून भांडण झालंच. आता ज्याची परीक्षा सगळ्यात जवळ तो आत. त्यामुळे गावातल्या अर्ध्या पोट्ट्यांची परीक्षा अचानक पुढच्या आठवड्यात आली आहे. हॉलतिकीट पाहिल्याशिवाय सोडत नाही.

गोठेकर | २४ मे, सकाळी ८:३५

जुलैत दूध वाढेल तेव्हा काय? कूलर बंद आणि बर्फही नाही, दोन्हीकडून अडकाल.

वणाकाठचा | २४ मे, सकाळी ९:१०

तेच डोक्यात आहे. बंद पडलेल्या एका केंद्राची पाचशे लिटरची टाकी विकायला आहे म्हणतात. रविवारी पाहायला जातो. आवरण ओलं झालंय का, ते कसं ओळखायचं?

लादीवाला | २४ मे, सकाळी ९:२२

बर्फ भरल्यावर बाहेरून हात फिरवा. जिथं घाम दिसन तिथं आतला फोम गेला. आन् मले संगं न्या, फोनवर नाई समजत.